पाय, गळा आणि बोल : अमेरिकन संगीत-नाट्यशिक्षण आणि काळा कलावंत

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत ‘म्युझिकल थिएटर’ या विषयाची चार वर्षांची पदवी मिळते. म्युझिकल म्हणजे ढोबळमानाने संगीत नाटक. पण आपल्या संगीत नाटकातला नट बोलतो आणि गातो. नाचण्याची सक्ती त्याच्यावर नसते. अमेरिकन म्युझिकलमध्ये एकाच कलावंताला बोलावे, गावे आणि नाचावे लागते. त्यामुळे हे शिक्षण देणाऱ्या प्रत्येक विभागापुढे एक प्रश्न कायम उभा असतो. आठवड्यातले किती तास अभिनयाला द्यायचे, किती गळ्याला आणि किती नृत्याला? सकाळी नृत्याच्या वर्गात शिणलेला विद्यार्थी दुपारी गायनाच्या तासाला उभा राहतो तेव्हा त्याचा दम पुरत नाही. गायनावर भर दिला तर अभिनयाचे शिक्षक म्हणतात, पोर सुरात आहे पण प्रसंगात नाही. तिन्हींना सारखे तास दिले तर तिन्ही अर्धवट राहण्याची भीती असते.

तिकडे या प्रश्नाची चर्चा वेळापत्रकाचा प्रश्न म्हणून होते. तो तेवढाच असता तर या त्रैमासिकाची पाने त्यासाठी खर्च करण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे की, तासांच्या या वाटणीमागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो काळ्या माणसाच्या देहावरून गेलेला आहे. कोणते नृत्य पायाभूत आणि कोणते ऐच्छिक, कोणता आवाज शुद्ध आणि कोणता गळा बिघडवणारा, कोणाला गुरू म्हणायचे आणि कोणाला नुसता नाच्या, हे ठरवले कोणी? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे मर्म श्रेणीबद्ध विषमता या शब्दांत सांगितले. कलांच्या प्रांतातही अशाच पायऱ्या असतात, आणि अभ्यासक्रम तयार होतो तेव्हा त्या पायऱ्या तासांच्या रूपाने वेळापत्रकात उतरतात.

अमेरिकेतील काळ्यांशी आपले नाते नवे नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी काळ्यांच्या साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली. पण त्यांच्या कवितेकडे आणि कादंबरीकडे आपण जितके पाहिले तितके त्यांच्या रंगमंचाकडे पाहिले नाही. आपल्या पूर्वजांनीही फडात उभे राहून गळा आणि पाय झिजवले आहेत, हे लक्षात घेतले तर ही उणीव भरून काढणे आवश्यक आहे असे म्हणावे लागेल.

म्युझिकलची मुळे शोधत मागे गेले की वाट मिन्स्ट्रेल नावाच्या खेळापाशी पोहोचते. १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटाने जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून ‘जिम क्रो’ नावाच्या काळ्या माणसाचे सोंग आणले. हे सोंग इतके गाजले की पुढे काळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या सगळ्या कायद्यांना हेच नाव चिकटले. १८४३ साली न्यूयॉर्कला चार गोऱ्या कलावंतांनी संपूर्ण रात्रीचा असा खेळ उभा केला. गाणे, नाच, विनोद आणि सवाल-जबाब, सगळे त्यात होते. काळ्यांची चाल, काळ्यांचा ताल, काळ्यांची बोली आणि पैसे मात्र गोऱ्यांचे.

याच काळात विल्यम हेन्री लेन नावाचा काळा नर्तक होऊन गेला. लोक त्याला ‘मास्टर ज्युबा’ म्हणत. आयरिश मजुरांचा जिग आणि आफ्रिकेहून आलेली पायांची बोली यांचा मेळ घालून त्याने जे केले, त्यातून टॅप नृत्याची वाट निघाली असे अभ्यासक मानतात. चार्ल्स डिकन्सने १८४२ साली अमेरिकेच्या प्रवासवर्णनात न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील एका थक्क करणाऱ्या नर्तकाविषयी लिहिले. तो ज्युबाच असावा, असे समजले जाते. ज्युबाने कोणत्या शाळेत शिक्षण घेतले? त्याला शाळेत घेणारे होते कोण? त्याची शाळा म्हणजे ती वस्ती आणि तिथली दारूची गुत्ते.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. काळे कलावंत स्वतःची मंडळे घेऊन रंगमंचावर येऊ लागले. पण प्रेक्षकाला जे पाहायची सवय झाली होती तेच त्यांना दाखवावे लागले. ज्याचा चेहरा मुळात काळा, त्यानेही काजळी फासायची! बर्ट विल्यम्स हा त्या काळातील असामान्य विनोदी नट. १९०३ साली ‘इन डाहोमी’ हे काळ्यांनी लिहिलेले आणि काळ्यांनीच सादर केलेले पूर्ण लांबीचे म्युझिकल ब्रॉडवेच्या मोठ्या नाट्यगृहात आले, त्यात तो आणि जॉर्ज वॉकर ही जोडी होती. त्याच वर्षी हा खेळ लंडनला गेला आणि राजवाड्यातही झाला. तरीही विल्यम्सच्या तोंडावरची काजळी उतरली नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच वर्षांत त्याच शहरात विल्यम्स काजळी फासून गोऱ्या प्रेक्षकांना हसवत होता.

‘इन डाहोमी’चे संगीत विल मॅरियन कुक यांचे. कुक यांची हकिगत आपल्यापैकी प्रत्येक पहिल्या पिढीच्या पदवीधराने वाचावी अशी आहे. त्यांचे आईवडील दोघेही ओबर्लिन या महाविद्यालयात शिकलेले. मुलाने ओबर्लिनमध्ये संगीत शिकावे, पुढे बर्लिनला जाऊन व्हायोलिन शिकावे, मोठा मैफिली कलावंत व्हावे, ही घरची आस. मुलगा शिकलाही. पण काळ्या वादकाला अमेरिकेतल्या मैफिलीच्या मंचावर जागा नव्हती. तेव्हा त्यांनी कवी पॉल लॉरेन्स डनबर यांच्याबरोबर ‘क्लोरिंडी’ नावाचा छोटा खेळ रचला. काळ्यांच्या केकवॉक नाचावर बेतलेला हा खेळ १८९८ साली न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहाच्या गच्चीवरील रंगमंचावर झाला. कुक यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, त्यातली गाणी घरी पियानोवर वाजवत असताना आई आत आली आणि रडू लागली. तुला जगभर शिकायला पाठवले आणि तू परत आलास तो असलाच होऊन, असा तिचा आकांत होता.

या आईला दोष देणे सोपे आहे. पण तिने ते गाणे कोणत्या तोंडून ऐकले होते? काजळी फासलेल्या तोंडून. तिच्या लेखी ते गाणे म्हणजे अपमानच. कला आपली, पण तिच्यावर शिक्का दुसऱ्याचा. शिकलेल्या माणसाला ती जवळ घेता येत नाही आणि टाकताही येत नाही. हा पेच आपल्या ओळखीचा आहे. त्याकडे मी पुढे येणार आहे.

१९२१ साली ‘शफल अलाँग’ हे म्युझिकल न्यूयॉर्कला आले. गीते नोबल सिसल यांची, संगीत युबी ब्लेक यांचे, संहिता मिलर आणि लाइल्स या विनोदी जोडीची. चौघेही काळे. ब्रॉडवेच्या मुख्य वस्तीपासून बाजूला पडलेल्या, नाटकाला धड सोयीच्या नसलेल्या सभागृहात त्याचे पाचशेच्या आसपास प्रयोग झाले. त्यातील समूहनर्तकींचे पाय इतके वेगवान आणि तालाशी असे खेळणारे होते की गोऱ्या निर्मात्यांना आपले समूह एकदम मंद वाटू लागले. काळ्यांचे नृत्य शिकायला गोऱ्या नट्यांची रीघ लागली.

शिकवत कोण होते? बडी ब्रॅडली. हा काळा नृत्यशिक्षक न्यूयॉर्कमधल्या बिली पिअर्स यांच्या नृत्यशाळेत विसाच्या दशकात ब्रॉडवेच्या गोऱ्या तारकांना शिकवत होता, त्यांचे नाच बसवून देत होता. कार्यक्रमपत्रिकेवर मात्र नृत्यदिग्दर्शक म्हणून दुसऱ्याच कोणाचे नाव. आपल्या नावानिशी मोठ्या नाटकाचे नृत्य बसवण्यासाठी ब्रॅडलीला १९३० साली लंडन गाठावे लागले. पुढे जेव्हा महाविद्यालये अभ्यासक्रम आखायला बसली तेव्हा त्यांनी जुन्या कार्यक्रमपत्रिका आणि लेखी नोंदी पाहिल्या असतील. ज्याचे नाव नोंदीतच नाही, त्याची परंपरा अभ्यासक्रमात कुठून येणार?

इथे एका लाडक्या गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. काळ्यांच्या अंगातच ताल असतो, ते उपजतच गातात, असे कौतुकाने म्हटले जाते. आपल्याकडेही हलगीवाल्याच्या पोराला, कोल्हाट्याच्या पोरीला ‘तुमच्या रक्तातच आहे’ असे सांगतात. या कौतुकात मोठी चलाखी आहे. रक्तात आहे म्हटले की ते शिकलेले ठरत नाही. शिकलेले नाही म्हटले की शिकवणाऱ्याला गुरुपद द्यावे लागत नाही, आणि श्रमाचे मोलही करावे लागत नाही. प्रत्यक्षात हार्लेममध्ये ‘हूफर्स क्लब’ नावाची जागा होती. एका लहानशा खोलीत टॅप नर्तक रात्र रात्र सराव करीत, एकमेकांना आव्हान देत, एकमेकांची चाल डोळ्यांनी उचलत. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी मंचावर नेऊ नये, तिच्यात आपली भर घालावी, असा तिथला अलिखित नियम होता. परीक्षा रोजची आणि परीक्षक जाणकार. हे शिक्षण नव्हे तर काय? फक्त प्रमाणपत्र नव्हते.

या निरनिराळ्या तालमी एकाच मंचावर समोरासमोर आल्या त्या १९३५ साली, ‘पोर्गी अँड बेस’ या संगीत नाटकात. रचनाकार जॉर्ज गर्श्विन गोरे, कथाही गोऱ्या लेखकाची, त्यामुळे काळ्या समीक्षकांनी त्यावर टीका केली ती योग्यच होती. पण पात्रयोजना पाहा. पोर्गीच्या भूमिकेत टॉड डंकन, हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठात गायन शिकवणारे प्राध्यापक. बेसच्या भूमिकेत अ‍ॅन ब्राउन, न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेत गायन शिकलेली तरुणी. समूहगायन इव्हा जेसी या काळ्या संगीतदिग्दर्शिकेच्या गायकवृंदाचे. आणि स्पोर्टिन लाइफ या छद्मी पात्राच्या भूमिकेत जॉन बबल्स, हूफर्स क्लबात घडलेला टॅप नर्तक. बबल्सला स्वरलिपी वाचता येत नव्हती. तालमीत तो दर वेळी लय थोडी पुढेमागे करी आणि बाकीच्यांची पंचाईत होई. सांगतात की गर्श्विननी अखेर त्याला त्याच्या गाण्याची लय पायांच्या ठेक्यातून समजावून दिली. कागदावरून जे शिरत नव्हते ते पायातून शिरले, आणि ती भूमिका त्याने अशी केली की पुढच्या नटांना तीच मोजपट्टी झाली.

अभ्यासक्रमांच्या समतोलाची चर्चा करणाऱ्यांनी या तालमीचा विचार करावा असे मला वाटते. पाय आणि गळा हे दोन वेगळे विषय आहेत, ही समजूत शाळेची आहे. बबल्सच्या देहात ते दोन नव्हतेच. तो पायाने गात होता आणि गळ्याने ठेका धरत होता. त्याच वेळी प्राध्यापक डंकन यांनी आपल्या कागदावरच्या शिक्षणाचाही उपयोग केला. १९३६ साली हे नाटक वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये गेले तेव्हा तिथे काळ्या प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. आमच्या माणसांना बसता येत नसेल तर आम्ही उभे राहणार नाही, अशी भूमिका डंकन आणि ब्राउन यांनी घेतली. व्यवस्थापनाला नमावे लागले आणि त्या प्रयोगांपुरते ते नाट्यगृह सर्वांना खुले झाले.

मुख्य ब्रॉडवे रंगभूमीवर मात्र पाय आणि गळा बराच काळ वेगळे नांदले. गाणारा समूह निराळा, नाचणारा समूह निराळा. १९४३ सालच्या ‘ओक्लाहोमा’मध्ये अ‍ॅग्नेस डी मिल यांनी नृत्यातून कथा पुढे नेली म्हणून त्याचे इतके नाव झाले. पण त्यातल्या गाजलेल्या स्वप्नदृश्यात नायक-नायिकेच्या जागी नाचायला दुसरेच नर्तक उभे राहत. १९५७ साली ‘वेस्ट साइड स्टोरी’ आले. दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांना एकाच कलावंताकडून तिन्ही गोष्टी हव्या होत्या. दोन समूह पोसण्यापेक्षा एकच पोसणे निर्मात्यांच्याही फायद्याचे होते. हळूहळू तिन्ही जाणणारा कलावंत हाच नियम झाला, आणि असे कलावंत घडवणार कोण, हा प्रश्न पुढे आला.

इथे विद्यापीठे आली. नाटकाची पदवी अमेरिकेत आधीपासून होती. पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत १९१४ साली नाट्यविभाग सुरू झाला. म्युझिकल थिएटरची पदवी १९६८ साली सिनसिनाटी विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयात सुरू झाली आणि ती या प्रकारची देशातील पहिली मानली जाते. पुढील दोन-तीन दशकांत असे अभ्यासक्रम देशभर निघाले. ते ज्या घरात जन्मले त्या घराचा कल त्यांना आला. संगीत विभागात जन्मला त्यात स्वरलिपी, संगीतशास्त्र आणि एकट्याने गायनाची तालीम यांना मोठा वाटा. नाट्यविभागात जन्मला त्यात स्तानिस्लावस्कीच्या वाटेने जाणारा अभिनय मुख्य. नृत्य दोन्हीकडे पाहुणे. आणि नृत्यातही बॅले आधी, मग जॅझ, मग टॅप. रस्त्यावरून आलेला हिप-हॉप असलाच तर बहुधा ऐच्छिक.

बॅलेने शरीराचा तोल आणि रेषा घडते म्हणून तो आधी, असे उत्तर दिले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण टॅपने लय, वजन आणि कान घडतो, हेही तितकेच खरे आहे. ज्या रंगभूमीचा जन्मच टॅप आणि केकवॉक यांच्या ठेक्यावर झाला, तिच्या शाळेत तो ठेका दुय्यम आणि युरोपच्या राजदरबारात वाढलेला बॅले पायाभूत, याचे कारण केवळ शरीरशास्त्रात सापडणार नाही.

आवाजाची कथा याहून बोलकी आहे. म्युझिकलमध्ये गाण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक युरोपीय संगीतिकेच्या वळणाची, डोक्यात घुमणाऱ्या गोल स्वरांची. दुसरी बेल्टिंगची; बोलण्याच्या आवाजाला धरून, छातीचा आवाज वरच्या पट्टीपर्यंत चढवून, खुल्या गळ्याने गायची. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा तंबूतून आणि व्हॉडव्हिलच्या मंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणाऱ्या ब्ल्यूजच्या काळ्या गायिकांनी आणि गरीब ज्यू वस्त्यांतून आलेल्या गायिकांनी असा आवाज कमावला. पहिल्या रीतीला तिकडे ‘लेजिट’ म्हणतात. हा शब्द ‘लेजिटिमेट’चे लघुरूप आहे. लेजिटिमेट म्हणजे औरस! मग दुसरा आवाज कोण, हे न सांगताच समजते. कित्येक दशके गायनशिक्षक विद्यार्थ्यांना सांगत राहिले की बेल्टिंगने गळा जातो. अखेर २००८ साली अमेरिकेतील गायनशिक्षकांच्या एका मान्यवर अकादमीने निवेदन काढून मान्य केले की अशा गायनाला स्वतःचे शास्त्र आहे, ते स्वतंत्रपणे शिकवले पाहिजे, आणि अभिजात गायन शिकवून त्याची गरज भागत नाही. म्हणजे पहिली पदवी सुरू झाल्यावर चाळीस वर्षांनी. तोवर कितीजण आपला कमावलेला आवाज दोष समजून दाबत राहिले असतील?

ऑड्रा मॅकडॉनल्ड यांना ब्रॉडवेवर जायचे होते, पण ज्युलियार्डमध्ये त्यांनी अभिजात गायनाचे शिक्षण घेतले आणि १९९३ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे अभिनयासाठी सहा टोनी पारितोषिके मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. अभिजात शिक्षण वाया गेले नाही, हे कबूल करावे लागेल. पण ज्या गावाला जायचे त्याची वाट दुसऱ्याच गावावरून काढून दिली होती, हेही विसरता येत नाही.

दुसरा मार्ग नव्हता काय? होता. कॅथरीन डनहॅम या काळ्या नर्तकीने शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतले. १९३५-३६ मध्ये कॅरिबियन बेटांवर राहून तिथल्या काळ्यांच्या नृत्यांचा अभ्यास केला. १९४० साली त्या ब्रॉडवेच्या ‘कॅबिन इन द स्काय’मध्ये उभ्या राहिल्या. चाळीसच्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कला शाळा काढली. तिथे नृत्याबरोबर नाट्य, भाषा आणि मानववंशशास्त्रही शिकवले जाई. काळे आणि गोरे एकाच वर्गात. अर्था किट तिथे घडल्या, मार्लन ब्रँडो तिथे जात असत. डनहॅम यांच्या तंत्रात बॅले होता, पण तो आफ्रिकी-कॅरिबियन ठेक्याच्या शेजारी बसलेला होता, डोक्यावर नव्हे. १९६७ साली त्यांनी ईस्ट सेंट लुइस या उद्ध्वस्त झालेल्या कामगारवस्तीच्या गावात विद्यापीठाच्या साहाय्याने कलाकेंद्र सुरू केले आणि रस्त्यावरच्या पोरांच्या हाती ढोल दिले. नृत्य शिकताना ते कोणी, कोणत्या दुःखातून निर्माण केले हेही शिकले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. समतोलाच्या प्रश्नाला हे चौथे अंग आहे: अभिनय, गळा, पाय आणि त्यांचा इतिहास.

हॉवर्ड विद्यापीठाचेही असेच. डेबी अ‍ॅलन या मुलीला एका नामांकित कलाशाळेने तुझी शरीरयष्टी बॅलेला योग्य नाही म्हणून नाकारले. ती हॉवर्डमध्ये गेली, १९७१ साली पदवीधर झाली आणि पुढे अमेरिकेतल्या अग्रगण्य नृत्यदिग्दर्शकांत गणली गेली. तिची बहीण फिलिशिया रशाद हिनेही तिथेच पदवी घेतली आणि २०२१ ते २०२४ या काळात ती तिथल्या ललितकला महाविद्यालयाची अधिष्ठाता होती. शरीर अयोग्य होते की माप?

आजही या अभ्यासक्रमांचे दार अरुंद आहे. आधी गाण्याची, संवादांची आणि नाचाची चित्रफीत पाठवायची. ती पसंत पडली तर मोठ्या शहरात जाऊन प्रत्यक्ष चाचणी द्यायची. शेकडो अर्जांतून मोजक्यांना प्रवेश. ज्याने लहानपणापासून फी भरून बॅले आणि गायन शिकले, ज्याच्या आईबापाला विमानभाडे परवडते, तो तिथे तयार होऊन येतो. चर्चच्या गायकवृंदात आणि गल्लीत शिकलेले पोर त्या मापात बसत नाही. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर काळ्या आणि इतर वर्णांच्या शेकडो रंगकर्मींनी गोऱ्या अमेरिकन रंगभूमीला उद्देशून खुले पत्र काढले. त्यांच्या मागण्यांत नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्थांविषयीच्या मागण्याही होत्या. इतिहासाची थकबाकी वेळापत्रकाच्या दारात येऊन उभी राहिली ती अशी.

आता आपल्याकडे वळू. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमाने उभा राहणारा तमाशा हा तिन्ही अंगांचाच खेळ आहे. बैठकीची लावणी गाणारी कलावतीण एका ओळीचा अर्थ गळ्याने, डोळ्यांनी आणि हाताने निरनिराळा उलगडते. सोंगाड्याचे बोल ढोलकीच्या ठेक्यावर पडतात. हे सगळे महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी फडात, राहुट्यांत, चालत्या बैलगाडीत शिकून घेतले. विठाबाई नारायणगावकर कुठल्या अकादमीत गेल्या होत्या? भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड हीच त्यांची शाळा.

पण इथेच सावध राहिले पाहिजे. कुक यांच्या आईचे अश्रू आपल्याही घरात आहेत. तमाशाने दलित स्त्रीला काय दिले? शिट्ट्या, दौलतजादा आणि उभा जन्म फडावर. शैलजा पाईक यांनी २०२२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात जात, लैंगिकता आणि तमाशा यांचा हा गुंता तपशीलवार मांडला आहे. तिसाच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला तेव्हा त्यांनी बाईचा नाच बाद केला, गौळण बाद केली, गणातला देव बाद केला. ढोलकी, सवाल-जबाब, विनोद आणि शाहिरी गळा ठेवला आणि त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. तिन्ही अंगांचा समतोल त्यांनीही नव्याने मांडला, आणि तो ठरवला तो माणसाच्या प्रतिष्ठेचे माप लावून. अभ्यासक्रमाची याहून धाडसी पुनर्रचना मला ठाऊक नाही.

म्हणून परंपरा आपली आहे तेवढ्यासाठी ती जशीच्या तशी विद्यापीठात नेऊन बसवा, असे मी म्हणणार नाही. दलित मुलीला लावणी येत असलीच पाहिजे, असा आग्रह धरणारा शिक्षक जुन्या गावगाड्याचाच माणूस. तिला बॅले शिकावासा वाटला, कथक शिकावेसे वाटले, तर तो तिचा हक्क आहे. आणि लावणीचे शास्त्र शिकायला कुलकर्ण्यांचा मुलगा आला तर तेही शिक्षणच.

पण आपल्या महाविद्यालयांची रीत काय आहे? दरवर्षी युवक महोत्सवाला आमचा संघ जातो. समूहगीताची स्पर्धा वेगळी, लोकनृत्याची वेगळी, एकांकिकेची वेगळी. हलगी वाजवता वाजवता सवाल टाकणाऱ्या, मध्येच गिरकी घेणाऱ्या पोराला कोणत्या रकान्यात बसवायचे हा माझ्यापुढचा दरवर्षीचा पेच. विद्यापीठांतही संगीत, नृत्य, नाट्य यांच्या पदव्या बहुधा वेगवेगळ्या. पुण्याच्या ललित कला केंद्रात १९८७ पासून गुरुकुल पद्धतीने हे शिक्षण मिळते, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. या संस्थांचे महत्त्व मान्य केलेच पाहिजे. तरीही फडात आयुष्य काढलेली कलावतीण आणि पदवीधर प्राध्यापक यांना समान वेतन आणि समान पद मिळत नाही, तोवर तिची कला पाहुणीच राहील. प्रात्यक्षिकापुरते बोलवायचे, शाल-श्रीफळ द्यायचे आणि निरोप द्यायचा, या सन्मानाने बडी ब्रॅडलीचेच इतिवृत्त मराठीत पुन्हा लिहिले जाते.

तेव्हा जे विद्यार्थी आणि शिक्षक उद्या अभ्यासमंडळांत बसतील त्यांच्यापुढे काही मागण्या ठेवतो. ढोलकी-हलगीचा ताल, खुल्या गळ्याचे गायन, बतावणीची हजरजबाबी हे विषय ऐच्छिकांच्या यादीतून काढून मुख्य विषयांच्या शेजारी, सारख्या श्रेयांकांनी बसवावेत. शिकवणाऱ्याची पात्रता ठरवताना फडातील वर्षे पदवीइतकीच धरावीत आणि पाठ्यपुस्तकांत त्यांची नावे छापावीत. प्रवेशाच्या चाचणीत फी भरून मिळवलेल्या तयारीऐवजी शिकण्याची कुवत पाहावी. आणि पहिल्याच वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला या कलेचा इतिहास शिकवावा, त्यातल्या अपमानासकट. कोणती चाल कोणाच्या पायातून आली, कोणता सूर कोणाच्या उपाशी पोटातून आला आणि तो आल्यावर दार कोणावर बंद झाले, हे ज्याला कळले आहे तोच तासांची वाटणी न्यायाने करू शकेल.